शेजारची जोडी अडते आणि दूरची चटकन सुटते, असे का होत असावे?

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार. मी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना भूगोल शिकवते. महाराष्ट्रातील शिखरांचा उंचीनुसार उतरता क्रम हा आमच्याकडे दरवर्षी घोकून घेण्याचा विषय आहे : कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६ आणि तोरणा १४०४. मुले ही यादी श्लोकासारखी म्हणून दाखवतात, आणि मधलेच काही विचारले की पुन्हा कळसूबाईपासून सुरुवात करतात. या वेळी नव्या तुकडीसाठी मी यादी बाजूला ठेवली आणि पाच पत्ते तयार केले. प्रत्येक पत्त्यावर क्रमाने शेजारी येणारी दोनच नावे होती आणि त्यांपैकी उंच कोणते, एवढेच सांगायचे होते. पत्ते दर वेळी पिसले जात, नावांची डावी-उजवी बाजू बदलत असे, उंचीचे आकडे मी एकदाही सांगितले नाहीत आणि सहाही नावे एका ठिकाणी कोणी पाहिली नाहीत. ज्यांना यादी आधीपासून पाठ होती, त्यांना या खेळातून वगळले होते.

पाचही पत्ते बऱ्यापैकी बसल्यावर मी न शिकवलेल्या जोड्या विचारल्या. माझी अपेक्षा अशी होती की साल्हेर आणि तोरणा यांची तुलना करायची, तर विद्यार्थ्याला मनातल्या मनात साल्हेर–महाबळेश्वर, महाबळेश्वर–हरिश्चंद्रगड, हरिश्चंद्रगड–सप्तशृंगी आणि सप्तशृंगी–तोरणा हे चार पत्ते एकापुढे एक लावावे लागतील, आणि एसटीच्या प्रवासाप्रमाणे जितके थांबे अधिक, तितका वेळ अधिक लागेल. झाले नेमके उलटे. साल्हेर–तोरणा या कधीही न पाहिलेल्या जोडीचे उत्तर प्रश्न संपायच्या आत येत होते, आणि ज्यावर वारंवार सराव झाला होता, त्या हरिश्चंद्रगड–सप्तशृंगी पत्त्यावर मुले थबकत होती. एका मुलीने तर हाच पत्ता दोनदा चुकवला आणि लगेच पुढे साल्हेर–सप्तशृंगी मात्र अचूक सांगितले. मी घड्याळ लावून वेळ मोजलेला नाही, त्यामुळे हे निरीक्षण कान-डोळ्यांच्या भरवशावरचे आहे, पण फरक इतका ठळक होता की तो माझा भास असेल असे वाटत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. जोड्यांवरून क्रम काढताना मन खरोखर साखळी जोडत जात नसेल, तर ते काय करते? आणि जे काही करते, त्याला तर्क म्हणावे का?

अर्धविराम

आपले निरीक्षण भास नाही. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना ते गेली पन्नासहून अधिक वर्षे परिचित आहे, आणि मी मानसशास्त्र शिकवत असल्यामुळे वर्गात दर वर्षी याच ठिकाणी विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठ्या पाहतो.

जॉर्ज पॉट्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना लहानसे परिच्छेद वाचायला दिले होते. अस्वल ससाण्यापेक्षा हुशार, ससाणा लांडग्यापेक्षा हुशार, लांडगा हरणापेक्षा हुशार, अशा धर्तीची माहिती त्यांत असे. नंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे परिच्छेदात शब्दशः होती, तर काहींची वाचकाने स्वतः काढायची होती. अस्वल हरणापेक्षा हुशार आहे का, या न वाचलेल्या विधानावर लोकांनी ससाणा–लांडगा या वाचलेल्या विधानापेक्षा लवकर आणि अधिक अचूक उत्तर दिले. जे सांगितले ते अडते आणि जे सांगितलेच नाही ते सुटते, हे साखळीच्या कल्पनेत कोठेच बसत नाही. साखळीत दोन टोकांचे नाते कळण्यासाठी मधली प्रत्येक कडी आधी हाताळावी लागते, त्यामुळे टोकांचे उत्तर मधल्या कड्यांपेक्षा अधिक वेगाने आणि अधिक विश्वासार्हपणे येणे शक्यच नाही.

याचे आज सर्वांत मान्य असलेले स्पष्टीकरण असे आहे की शिकणारा जोड्या जोड्यांच्या रूपात फार काळ सांभाळत नाही. तो सहा नावे एका काल्पनिक ओळीवर मांडतो, आणि प्रश्न आला की पत्ता न आठवता त्या ओळीवरच्या दोन जागा पाहतो. ही ओळ फूटपट्टीसारखी रेखीव नसते. प्रत्येक नावाची जागा किंचित धूसर असते, शेजारच्या दोन धूसर जागा एकमेकींत मिसळतात आणि दूरच्या दोन मिसळत नाहीत, म्हणून जितके अंतर अधिक तितके उत्तर सोपे. संख्यांच्या बाबतीत हेच मॉयर आणि लँडॉवर यांनी १९६७ साली दाखवून दिले होते. दोन अंकांतला मोठा कोणता, हे सांगायला सुशिक्षित प्रौढांनाही २ आणि ९ पेक्षा ७ आणि ८ यांच्या बाबतीत किंचित अधिक वेळ लागतो, जरी दोन्ही उत्तरे त्यांना बालपणापासून पाठ असली तरी. पुढे मॉयर यांनी १९७३ साली प्राण्यांची केवळ नावे देऊन आकाराची तुलना करायला लावली, आणि तिथेही अंतर वाढले की वेळ कमी, हाच उतार सापडला. आपल्या विद्यार्थ्यांनी आपण न दिलेली ओळ स्वतः तयार केली आणि मग ती डोळ्यांनी पाहावी तशी मनात पाहिली, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास अधिक वादाचा आहे. मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ प्याजे यांच्या मते असे अनुमान साधारण सात-आठ वर्षांच्या आधी मुलाला जमत नाही, कारण मधली वस्तू एकाच वेळी एकीपेक्षा लहान आणि दुसरीपेक्षा मोठी आहे, हे त्याला एकत्र धरता येत नाही. ब्रायंट आणि ट्रॅबासो यांनी १९७१ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात या मताला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे होते की लहान मूल चुकते ते तर्कात नव्हे, तर दिलेली माहिती लक्षात ठेवण्यात, आणि परीक्षक मात्र ती चूक तर्काच्या नावावर टाकतो. त्यांनी वेगवेगळ्या रंगांच्या पाच काठ्या एका खोक्यात अशा बसवल्या की वर दिसणारे टोक सर्वांचे सारखेच राहावे, जेणेकरून लांबी डोळ्यांनी कळू नये आणि ती रंगावरूनच लक्षात ठेवावी लागावी. चार शेजारच्या जोड्या मुलांना पक्क्या येईपर्यंत शिकवल्या, आणि मग दुसरी व चौथी काठी यांची न शिकवलेली तुलना विचारली. चार वर्षांच्या मुलांनीही बहुतेक वेळा बरोबर उत्तर दिले. (या प्रयोगावर नंतर अशी टीका झाली की सुरुवातीचे शिक्षण क्रमाने दिले गेले होते, म्हणजे ओळ लावण्याचे अर्धे काम मोठ्यांनीच करून दिले. आपण पत्ते पिसले, हे फार चांगले केलेत.)

मुलीने शिकवलेला पत्ता चुकवून न शिकवलेला बरोबर सांगितला, ही आपली नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या पत्त्याच्या आधाराने अनुमान काढायचे, तोच पत्ता चुकत असेल आणि अनुमान तरीही बरोबर येत असेल, तर अनुमान त्या पत्त्यावर उभे नाही.

शंकासूर

अर्धविराम यांच्या विवेचनाशी माझा विरोध नाही, परंतु एवढ्या पुराव्यावर मनातली ओळ मान्य करणे मला घाईचे वाटते. प्रथम प्रश्नकर्तीच्या पत्त्यांचाच हिशेब मांडू.

प्रत्येक पत्त्यावर एक नाव बरोबर आणि एक चूक. कळसूबाई ज्या पत्त्यावर येते त्यावर नेहमीच बरोबर असते, तोरणा ज्या पत्त्यावर येतो त्यावर नेहमीच चूक असतो, आणि मधली चारही नावे एका पत्त्यावर बरोबर तर दुसऱ्यावर चूक असतात. आता ज्याला क्रम, उंची, ओळ यांतले काहीही कळत नाही, पण कोणत्या नावावर शाबासकी मिळते एवढेच कळते, असा शिकणारा घ्या. कळसूबाई असलेली कोणतीही जोडी तो बरोबर सोडवील, आणि तोरणा असलेली कोणतीही जोडीही. सहा नावांच्या एकूण पंधरा जोड्या होतात. त्यांतल्या पाच शिकवलेल्या वजा केल्या की दहा राहतात, आणि या दहांपैकी सातांत कळसूबाई किंवा तोरणा आहेच. म्हणजे प्रश्नकर्तीने ठळक पुरावा म्हणून दिलेली साल्हेर–तोरणा ही जोडी पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. शिवाय कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, तेव्हा वरचे टोक तर पत्त्यांच्या आधीच पक्के होते. विचारण्याजोग्या जोड्या फक्त तीन उरतात : साल्हेर–हरिश्चंद्रगड, साल्हेर–सप्तशृंगी आणि महाबळेश्वर–सप्तशृंगी.

या तीन जोड्यांतही शाबासकीचे गणित पूर्ण संपत नाही. फॉन फेर्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली कबुतरांना अशाच पाच चिन्हांच्या जोड्या शिकवल्या होत्या, आणि दुसऱ्या व चौथ्या चिन्हाची नवी जोडी समोर आल्यावर कबुतरांनी क्रमातले दुसरे निवडले. या निष्कर्षाचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे होते की नेहमी दाणा मिळवून देणाऱ्या चिन्हाच्या शेजारी वावरल्याने दुसऱ्या चिन्हाला त्याचे थोडे मोल चिकटते, आणि कधीच दाणा न देणाऱ्याच्या शेजारी वावरल्याने चौथ्याला तसे मोल मिळत नाही. आपल्या पत्त्यांत साल्हेर हा कळसूबाईचा शेजारी आहे आणि सप्तशृंगी तोरण्याची शेजारीण आहे. पाटलाच्या ओसरीवर बसणाऱ्याला गावात थोडा मान आपोआप मिळतो, तसलाच हा प्रकार असेल, तर त्याला तर्क म्हणण्याची गरज मला दिसत नाही. माकडांबाबत मॅकगॉनिगल आणि चाल्मर्स यांनी १९७७ साली हेच अनुमान दाखवले, तेव्हा माकडे तर्कशुद्ध आहेत का, असे शीर्षक त्यांनी लेखाला दिले होते. ते प्रश्नार्थकच होते, हे लक्षात घ्यावे.

घाटवाट

दोघांचेही आभार. शंकासूर यांचा हिशेब वाचल्यावर मी माझ्या वहीतल्या नोंदी पुन्हा पाहिल्या, आणि न शिकवलेल्या जोड्यांपैकी बहुतेक वेळा मी टोकाचीच जोडी विचारलेली दिसते. टोके सोडून प्रश्न काढणे माझ्या हाताला सुचलेच नाही, आणि त्याचेही मला आता आश्चर्य वाटते आहे. पुढच्या तासाला मी त्या तीनच जोड्या विचारीन. तोवर एक शंका : प्रश्न मी दर वेळी “यांपैकी उंच कोणते?” असाच विचारला. तो “कमी उंच कोणते?” असा विचारला असता, तर काही फरक पडला असता का?

उपान्त्य

भाषेच्या बाजूने थोडे लिहितो. फरक पडतो, आणि तो मराठीत तपासणे विशेष सोयीचे आहे.

उंच आणि ठेंगणा ही विशेषणे दिसायला समोरासमोरची असली, तरी भाषेत त्यांचा दर्जा सारखा नाही. “तो किती उंच आहे?” या प्रश्नात तो उंच असल्याचे गृहीत धरलेले नसते, पण “तो किती ठेंगणा आहे?” असे विचारणाऱ्याने निकाल आधीच दिलेला असतो. मापाचे नावही आपण एकाच बाजूने घडवतो. उंची, लांबी, खोली, रुंदी ही सर्व मापे आहेत, पण ठेंगणेपणा हे माप नाही, तो गुण किंवा दोष आहे. हर्बर्ट क्लार्क यांनी १९६९ साली असा विचार मांडला की तुलनेची विधाने मनात साठवताना आपण या सोप्या बाजूचे शब्द अधिक सहज हाताळतो, आणि विधान एका शब्दात व प्रश्न दुसऱ्या शब्दात असेल, तर मध्ये भाषांतराचे एक जादा काम पडते. त्याआधी, १९६५ साली, डीसोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की लोक चांगल्याला वर आणि वाईटाला खाली अशी मनात उभी मांडणी करतात आणि त्यांना वरून खाली येणे खालून वर जाण्यापेक्षा सोपे पडते. हे दोन पक्ष पुढे बराच काळ भांडत राहिले. एकाचे म्हणणे सगळा खेळ शब्दांचा, तर दुसऱ्याचे म्हणणे सगळा खेळ मनातल्या चित्राचा.

मराठीची सोय अशी की “कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच आहे” आणि “साल्हेरपेक्षा कळसूबाई उंच आहे” ही दोन्ही वाक्ये आपल्या कानाला तितकीच सहज आहेत, कारण कोणाशी तुलना आहे हे ‘पेक्षा’ सांगतो आणि जागा मोकळी राहते. म्हणजे विशेषण न बदलता आधी कोणते नाव ऐकू आले एवढेच बदलून पाहता येते. इंग्रजीत नावांचा क्रम पालटायचा, तर बहुधा विशेषणही पालटावे लागते, आणि मग परिणाम शब्दाचा की क्रमाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते.

प्रश्नाच्या शब्दाबाबत एक गोष्ट प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. वरच्या टोकाकडची दोन नावे असतील तर “उंच कोणते?” याचे उत्तर लवकर येते, आणि खालच्या टोकाकडची दोन असतील तर “कमी उंच कोणते?” याचे. सप्तशृंगी–तोरणा या पत्त्यावर दोन्ही तऱ्हांनी विचारून पाहा.

आणखी एक घरगुती उदाहरण द्यावेसे वाटते. मराठी महिने आपण सर्वांनी जोड्यांनी नव्हे, तर चैत्र, वैशाख, ज्येष्ठ अशा एका लयीत पाठ केलेले असतात. भाद्रपद आधी की आश्विन, असे अचानक विचारले तर मी आजही आषाढ-श्रावणापासून पुटपुटत येतो. वैशाख आधी की मार्गशीर्ष, याला मात्र पुटपुटावे लागत नाही. पाठांतराची साखळी माझ्याकडे आहेच, पण दूरच्या प्रश्नाला मी ती वापरत नाही. याचा अर्थ बारा महिन्यांची एक ओळसुद्धा साखळीच्या शेजारी कधीतरी आपोआप तयार झाली असावी.

बिनपगारी

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून एकच मुद्दा मांडतो. उंचीची गोष्ट सरळ आहे, कारण शिखरे खरोखरच एका ओळीत लागतात. पण तीन मित्रांपैकी एकाची आवड मिसळ, थालीपीठ, पिठले या क्रमाने असेल, दुसऱ्याची थालीपीठ, पिठले, मिसळ अशी आणि तिसऱ्याची पिठले, मिसळ, थालीपीठ अशी, तर दोन विरुद्ध एक मतांनी मिसळ थालीपीठाला हरवते, थालीपीठ पिठल्याला हरवते आणि पिठले मिसळीला हरवते. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी मतदानातला हा पेच १७८५ सालीच मांडला होता. यातल्या कोणत्याही दोन जोड्या ऐकल्या की तिसरीचे उत्तर आपण बेधडक देतो, आणि ते हमखास चुकते. कबड्डीच्या स्पर्धेतले निकालही असेच गोल फिरतात, तरी अमक्याने तमक्याला हरवले म्हणजे तो आपल्याला हरवणारच, असे म्हणणारे प्रत्येक आखाड्यात भेटतात. तेव्हा ओळ लावण्याची ही सवय तर्कातून आली आहे की तर्काच्या आधीपासून आहे, हा प्रश्न मला शंकासूर यांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

अर्धविराम

शंकासूर यांनी केलेला हिशेब अचूक आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात तो यायला हवा होता. टोकांचा हा दोष ओळखूनच ट्रॅबासो, रायली आणि विल्सन यांनी १९७५ सालच्या कामात पाचाऐवजी सहा वस्तू घेतल्या. पाच वस्तूंत टोके वगळून एकच नवी जोडी उरते, तर सहांत तीन उरतात, आणि त्यांपैकी एकीत अंतर इतर दोघींहून जास्त असते. टोके सोडूनही अंतराचा परिणाम दिसतो का, हे त्यामुळे तपासता येते, आणि तो दिसला. योगायोगाने प्रश्नकर्तीचे पत्तेही सहा नावांचेच आहेत. साल्हेर–सप्तशृंगीचे उत्तर साल्हेर–हरिश्चंद्रगडपेक्षा लवकर येते का, हे घड्याळ लावून पाहिल्यास त्यांच्या वर्गात या जुन्या प्रयोगाची छोटी आवृत्ती होईल.

आता शाबासकीच्या स्पष्टीकरणाविषयी. ते खोटे नाही, अपुरे आहे. ड्युसेक आणि आयकेनबाउम यांनी १९९७ साली उंदरांना वाळूत मिसळलेल्या वासांच्या जोड्या शिकवल्या. ज्या उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचे इतर भागांशी असलेले संबंध तोडले होते, त्यांनी सर्व जोड्या नीट शिकल्या आणि पहिल्या व पाचव्या वासाची टोकांची नवी जोडीही सोडवली, पण दुसऱ्या-चौथ्या जोडीवर ते अडखळले. टोकांची जोडी केवळ दाण्याच्या हिशेबाने सुटते, हे शंकासूर यांचे म्हणणे यातून सिद्धच होते. पण आतल्या जोडीला त्यापलीकडचे काहीतरी लागते, आणि ते निरोगी उंदराजवळ असते, हेही त्याच प्रयोगातून दिसते.

याहून थेट कसोटी माकडांवर झाली. जेन्सन, टेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली र्‍हीसस माकडांना क्रम शिकवताना बक्षिसाचे प्रमाण मुद्दाम उलटे ठेवले, म्हणजे क्रमाने खालच्या चित्राच्या वाट्याला जास्त बक्षीस येईल अशी मांडणी केली. माकडे केवळ बक्षिसाच्या मोलावर चालत असती, तर त्यांनी नव्या जोडीत खालचे चित्र निवडले असते. ती क्रमालाच धरून राहिली. पाटलाच्या ओसरीचा दाखला मला आवडला, पण इथे ओसरीवर बसलेल्याला उपाशी ठेवले आणि वेशीबाहेरच्याला जेवू घातले, तरी मान ओसरीवरच्यालाच मिळाला, असे म्हणावे लागेल.

बिनपगारी यांच्या मुद्द्याकडे येतो. ओळ लावण्याची सवय तर्काच्या आधीची असावी, याला प्राणिजगतातून आधार मिळतो. ग्रोसेनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांनी २००७ साली आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातल्या एका जातीच्या माशांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. या माशांचे नर हद्दीसाठी भांडतात. बघ्या माशाला काचेआडून फक्त शेजारच्या जोड्यांची भांडणे दाखवली, त्याला स्वतःला ना दाणा मिळाला ना मार. नंतर दुसरा आणि चौथा नर एकाच वेळी समोर ठेवल्यावर तो दुर्बळ असणाऱ्याच्या बाजूला सरकला. इथे बघ्याला कोणतेच बक्षीस नव्हते, त्यामुळे मोल चिकटण्याचे स्पष्टीकरण फारसे लागू पडत नाही. कळपात राहणाऱ्या जिवाला प्रत्येकाशी झुंजून आपली जागा कळून घेणे परवडणारे नाही, तेव्हा काही जोड्या पाहून सगळी उतरंड ओळखणे ही त्याच्या दृष्टीने चैन नव्हे, गरज आहे. तेव्हा प्रश्नकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे : हे अनुमान आहे, पण वादविवादातल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या तर्कासारखे नाही, तर अंतर नजरेने अजमावण्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. म्हणूनच थालीपीठ-मिसळीच्या ठिकाणी ते फसते, कारण तिथे नजरेला ओळ दिसते आणि वस्तुतः ती नसते.

माणसाबाबत एक अलीकडचे काम मात्र आपल्याला वर्गात वापरता येईल. २०२३ साली नेली आणि सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी वस्तूंचे दोन वेगळे क्रम शेजारच्या जोड्यांनी शिकवले, आणि मग पहिल्या क्रमातली शेवटची व दुसऱ्यातली पहिली यांची एकच जोडी थोडा वेळ दाखवली. त्या एका जोडीवर बऱ्याच लोकांनी दोन्ही ओळी एकत्र करून टाकल्या, म्हणजे ज्या वस्तू त्यांनी या टप्प्यात पाहिल्याही नव्हत्या, त्यांच्याही जागा सरकल्या. सर्वांना ते जमले नाही, हेही खरे. शाबासकीच्या हिशेबाने फक्त त्या दोन वस्तूंचे मोल बदलायला हवे होते.

शंकासूर

माशाच्या प्रयोगापुढे माझा आक्षेप बराच सैल होतो, हे मान्य करतो. तरीही एक अट राखून ठेवतो. माणसाला पत्ते दिले की तो आपोआप ओळ लावतो, असे सरसकट म्हणता येणार नाही. इथे काहीतरी क्रम आहे, हे त्याच्या लक्षात आले आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते. नुसती निरर्थक चिन्हे देऊन क्रमाचा सुगावाही लागू दिला नाही, तर अनेक जणांची उत्तरे पुन्हा शाबासकीच्या हिशेबाने पडतात. प्रश्नकर्तीच्या विद्यार्थ्यांना उंची हा शब्दच पहिल्या दिवसापासून दिलेला होता, आणि उंचीला ओळ असते हे कोणाला शिकवावे लागत नाही.

घाटवाट

काल तीन आतल्या जोड्या घड्याळ लावून विचारल्या. थोड्याच मुलांवर आणि हातातल्या मोबाइलवर वेळ घेतला असल्यामुळे आकडे इथे देत नाही, पण साल्हेर–सप्तशृंगी बहुतेकांनी सर्वांत लवकर सांगितले, आणि शिकवलेला हरिश्चंद्रगड–सप्तशृंगी हा पत्ता या तिन्ही नव्या जोड्यांच्या मागे पडला. उपान्त्य यांच्या सूचनेप्रमाणे सप्तशृंगी–तोरणा दोन्ही तऱ्हांनी विचारले. “कमी उंच कोणते?” म्हटल्यावर खरोखरच अडखळणे कमी झाले. आकडे माहीत असलेल्या माणसाला वाटेल की हरिश्चंद्रगड आणि सप्तशृंगी यांच्यात आठच मीटरचा फरक असल्याने तो पत्ता अवघड जातो. पण आकडे या मुलांना ठाऊकच नाहीत, आणि साल्हेर–महाबळेश्वर हा १२९ मीटर फरकाचा पत्ताही त्यांना फारसा सोपा गेलेला नाही.

त्यानंतर अर्धविराम यांनी सांगितलेली दोन ओळींची युक्ती करून पाहिली. अस्तंभा, त्र्यंबकेश्वर, तौला, वैराट आणि चिखलदरा यांचा उतरता क्रम मी मागच्या आठवड्यातच वेगळ्या रंगाच्या चार पत्त्यांवर स्वतंत्रपणे शिकवला होता, आणि हे पहिल्या सहांच्या वर येतात की खाली, हे सांगितले नव्हते. काल तोरणा–अस्तंभा हा एकच नवा पत्ता दाखवला, तोरणा उंच म्हणून, आणि काही वेळ तेवढाच फिरवला. मग महाबळेश्वर आणि वैराट विचारले, तर बहुतेकांनी न थांबता महाबळेश्वर म्हटले. दोघेजण मात्र “हे आपण केलेलेच नाही” म्हणून उत्तर द्यायला तयार झाले नाहीत, आणि त्यांतला एक माझ्या वर्गातला पत्ते सर्वांत पक्के असलेला मुलगा आहे. त्याच्या बाबतीत काय घडत असावे, यावर आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

सुरुवातीला ज्या मुलीविषयी लिहिले होते, तिने तास संपताना मला थांबवून विचारले, “मॅडम, मग त्र्यंबकेश्वर आठवे ना?” एकाही पत्त्यावर कोणताही क्रमांक नव्हता.